हक्कसोडीचा शब्द मागे घेताना

निफाड तालुक्यात माहेर असलेल्या आणि सध्या नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या एका भगिनी लिहितात : ‘वडिलांच्या तेराव्याला काका-मामांसमोर मी धाकट्या भावाला वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा सोडण्याचा शब्द दिला. हक्कसोडपत्र मात्र राहून गेले. आता यजमानांची नोकरी गेली आहे, मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे आणि मला हिस्सा हवा आहे. दरम्यान भावाने शेततळे केले आणि नव्या द्राक्षबागेसाठी खुंट (ज्यांवर पुढे कलमे भरतात ती रोपे) लावले. मी शब्द फिरवणारी ठरेन का?’

ताई, ठराल, आणि ते नाव टाळण्याची पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका. कायदा तुमच्या बाजूचा आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला असून, नोंदणीकृत दस्त नसताना केवळ तोंडी बोलण्याने तो हिस्सा जात नाही. परंतु भावाने तळे खोदले ते कायदा पाहून नव्हे, तर तुमच्या शब्दावर विसंबून. म्हणून वकिलाची नोटीस त्याच्या हाती पडण्यापूर्वी तुम्ही स्वतः त्याच्यासमोर बसले पाहिजे, आणि तेही खुंटांवर कलमे भरण्याआधी, कारण त्यानंतर मंडपाचे अँगल, तारा आणि ठिबक यांवर तो जो पैसा ओतेल, त्यातला प्रत्येक रुपया तुमच्या मौनामुळे अडकलेला असेल.

त्याला खरे कारण सांगा. ‘ह्यांना पटत नाही’ असे म्हणून यजमानांना पुढे करू नका, आणि भाऊबीजेला कोणी काय दिले याचा हिशेबही काढू नका. (तेराव्याच्या पंगतीत बहिणीकडून असा शब्द काढून घेण्याची रीत मला मुळीच रुचत नाही, पण तुमच्यावर कोणी दबाव आणल्याचे तुम्ही लिहिलेले नाही, तेव्हा आता तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.)

मग नुकसानीचा भार स्वतःकडे घ्या. तळे आणि खुंटांचा खर्च वाटणीतून वगळा. बागेखालचे क्षेत्र त्यालाच राहू द्या आणि तुमच्या वाट्याला पडीक तुकडा घ्या, किंवा दरवर्षी माल निघाल्यावर हप्त्याने रक्कम स्वीकारा. तुमची नड मुलीच्या शिक्षणापुरतीच असेल तर तेवढेच मागा आणि उरलेल्या हिश्श्याबाबतचा शब्द या वेळी लेखी पाळा. तो चिडेल, कदाचित वर्षभर बोलणारही नाही. त्याला तो अधिकार आहे, म्हणून लगेच क्षमेची अपेक्षा ठेवू नका.

काका-मामांना मात्र तुम्हीच कळवा. शब्द त्यांच्यासमोर दिला होता. तो मोडल्याची बातमी सांगण्याचे ओझे भावावर पडू नये.