इराण्याकडची खुर्ची नेमकी कुठली?

प्रश्न : आमच्या आजोबांचं मिरज स्टेशनजवळ हॉटेल होतं. ते बंद झालं तेव्हा तिथल्या काही खुर्च्या घरी आल्या. गोल बैठक, वाकवलेल्या दांड्याची पाठ, वेताची जाळी. मुंबईच्या इराण्यांकडे असतात तशाच. वडील त्यांना ‘पोलंडच्या’ म्हणत, मामा ‘व्हिएन्नाच्या’ म्हणतात. खरं कोणाचं? आणि त्या बनवणारे लोक अजून आहेत का? — एक वाचक, मिरज

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं. उद्या कोणी तिसरा ‘झेकच्या’ म्हणाला तर त्यालाही लगेच खोडून काढू नका. आधी एक करा. खुर्ची पालथी घाला आणि बैठकीच्या गोल कड्याच्या आतल्या अंगावर बॅटरीचा उजेड तिरका पाडा. तिथे लाकडात भाजून उमटवलेला ठसा असतो, नाहीतर कागदी चिठ्ठीचा फाटका तुकडा. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशा खुर्च्यांचं मी पहिल्यांदा हेच बघतो. पॉलिशचे थर चढून अक्षरं बुजलेली असतात. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की वर येतात. खरवडायला मात्र जाऊ नका.

‘थोनेट’ असं वाचता आलं तर ती मूळ घराण्याची. ‘कोन’ असेल तर त्यांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाची. काहीच नसेल तर दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याची, कारण 1869 साली थोनेटचं पेटंट संपलं आणि मग ज्याच्याकडे वाफेचा बॉयलर त्याने या खुर्च्या काढल्या.

आता त्या घराण्याबद्दल. मिखाएल थोनेट हा ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म 1796 चा. 1819 मध्ये त्याने स्वतःचं दुकान टाकलं. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक चिकटवून, साच्यात वाकवायचा नाद त्याला लागला. कोब्लेन्झच्या प्रदर्शनात त्याचं काम ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटरनिख याच्या नजरेत भरलं आणि 1842 मध्ये गडी व्हिएन्नाला गेला. गावाकडचं दुकान कर्जात बुडालेलं होतं. व्हिएन्नात आधी दुसऱ्याच्या हाताखाली राजवाड्यातली कामं केली, पुढे 1849 मध्ये पुन्हा स्वतःचं सुरू केलं. सुरुवातीच्या मोठ्या ऑर्डरींतली एक होती व्हिएन्नाच्या ‘कॅफे डाउम’ची. म्हणजे ही खुर्ची जन्मापासूनच हॉटेलातली! 1853 मध्ये म्हाताऱ्याने धंदा पाच मुलांच्या नावे करून दिला आणि पाटी लागली ‘थोनेट बंधू’.

आपल्याकडच्या सुताराला पटकन पटेल अशी गोष्ट पुढे आहे. त्या पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या होत्या. माल समुद्रापार दमट हवेच्या देशांत जायला लागला, तसा सरस सुटायला लागला. सरसाने जोडलेलं फर्निचर कोकणातल्या एका पावसाळ्यात कसं होतं हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून त्यांनी सरसच काढून टाकायचं ठरवलं. अखंड दांडाच वाकवायचा.

पण अखंड दांडा वाकवला की बाहेरच्या बाजूने तडकतो. या खुर्च्या बीच नावाच्या युरोपी झाडाच्या लाकडाच्या. वाफेवर मऊ झालेलं बीच दाबलं तर पाव भागापर्यंतसुद्धा आखडतं, ताणायला गेलात तर शंभरात दोन भागही सोसत नाही. यावर थोनेटने काढलेली युक्ती इतकी साधी आहे की मला आजही तिचा हेवा वाटतो. दांड्याच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी ठेवायची आणि ती दोन्ही टोकांना घट्ट आवळायची. पट्टी लांबत नाही, त्यामुळे बाहेरची बाजू ताणली जात नाही, वाकण्याचा सगळा भार आतल्या बाजूच्या दबण्यावर जातो. वाफेतून काढलेला दांडा निवायच्या आत दोन माणसं तो लोखंडी साच्याभोवती ओढून बसवतात आणि साच्यासकट वाळवणीच्या खोलीत टाकतात. 1856 मध्ये अखंड लाकूड वाकवण्याचा हक्क, म्हणजे पेटंट, मिळाला आणि लगेच मोराव्हियात (हा आजच्या झेक देशातला प्रांत) कोरिचानी इथे कारखाना उभा राहिला. 1859 ची 14 नंबरची खुर्ची ती हीच, तुमच्या घरातली किंवा तिची बहीण. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सरस नाही. सुटे भाग करून एक घनमीटरच्या पेटीत 36 खुर्च्या मावायच्या, त्या जिथे पोचतील तिथे पाना-पेचकस घेऊन जोडायच्या. 1930 पर्यंत या एका खुर्चीचे पाच कोटी नग खपले असं सांगतात.

आता पोलंड. धंदा वाढला तसे कारखाने बीचच्या जंगलांजवळ उभे राहिले. बिस्त्रित्से (1861), हालेन्कोव्ह, व्सेतीन हे आजच्या झेक देशात, एक आजच्या स्लोव्हाकियात आणि 1880 च्या सुमारास एक राडोम्स्को गावी. ते गाव तेव्हा रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये होतं. कोननेही तिथेच कारखाना काढला. कचेरी व्हिएन्नात, माल मोराव्हियाचा किंवा पोलंडचा. पहिल्या महायुद्धानंतर नकाशा बदलला आणि त्याच खुर्चीचा देशही बदलला. तुमचे वडील आणि मामा कदाचित एकाच पेटीबद्दल भांडत असतील. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात (ते 1923 चं) गेलात तर तिथल्या खुर्च्या पोलंडच्या असं सांगतात. बेरी पुलाव येईपर्यंत एक हळूच पालथी घालून बघायला हरकत नाही, मालकांना विचारून.

बनवणारे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडमधले कारखाने सरकारजमा झाले. बिस्त्रित्सेचा कारखाना ‘टोन’ नावाने, राडोम्स्कोचा ‘फामेग’ नावाने चालू राहिला. कुटुंबाकडे उरला जर्मनीतल्या फ्रांकेनबर्गचा, 1889 चा. तोही बॉम्बहल्ल्यात पडला होता, घरच्यांनी पुन्हा बांधला. मिखाएलची पाचवी पिढीही त्याच धंद्यात होती. 2019 मध्ये बोपार्डच्या दुकानाला 200 वर्षं झाली. 14 नंबर फ्रांकेनबर्गला आजही निघते, फक्त आता तिला 214 म्हणतात.

प्रश्न : नव्या फ्लॅटसाठी अशाच खुर्च्या ऑनलाइन बघतोय. जाहिरातीत ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल वूड’ असं लिहिलेलं असतं. शेवटी झाड तोडूनच केलेलं ना? त्यापेक्षा सागवानाच्या घ्याव्यात का? काका, स्पष्ट सांगा. — एक वाचक, ठाणे

उत्तर : स्पष्ट सांगायचं तर जाहिरातीतले ते दोन शब्द वाचून मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

थोनेट बंधूंनी पर्यावरणाचा विचार करून काही केलं असं म्हणणं बरोबर नाही. स्वस्त लाकूड आणि स्वस्त मजूर पाहून ते जंगलात गेले. पॉलिशला आणि वेत विणायला बहुतेक बाया असायच्या. पण त्यांच्या पद्धतीत काही गोष्टी आपोआप बसल्या. बीच हे मध्य युरोपात तोवर मुख्यतः सरपणाचं लाकूड, त्यातून त्यांनी पिढ्या टिकणारी वस्तू काढली. दुसरं, गोल पाठ फळीतून करवतीने कापायची म्हटली तर निम्मं लाकूड चुलीत जातं. शिवाय लाकडाचे धागे आडवे कापले जातात आणि नेमकी तिथेच खुर्ची मोडते. वाकवलेल्या दांड्यात धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड, म्हणून बोटभर जाडीवर माणूस निवांत बसतो. कमी लाकूड, कमी वजन, आणि एक पाय गेला तर स्क्रू काढून तेवढाच बदलायचा. माझ्या लेखी खरी किंमत या शेवटच्या गोष्टीची आहे. चिकटवलेल्या भुश्याच्या बोर्डाची खुर्ची एकदा फुगली की तिचं कोणीच काही करू शकत नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हा विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. लाकूड कोणतं, नाव सांगा. ‘सॉलिड वूड’ हे नाव नव्हे. आपल्याकडे या रूपाच्या खुर्च्या पुष्कळदा रबरवूडच्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. केरळातल्या मळ्यांत पंचवीस-तीस वर्षांनी चीक कमी झाला की ती झाडं तशीही काढावीच लागतात. मात्र बोरॉनची प्रक्रिया केलेली हवी, नाहीतर कीड लागलीच समजा. दुसरं, एफएससीचा (लाकूड जंगल राखून काढलंय याची खात्री देणाऱ्या संस्थेचा) शिक्का असेल तर त्याखालचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि शिक्का ‘100 टक्के’ आहे, ‘मिक्स’ आहे की ‘रिसायकल्ड’ तेही बघा. ही संस्था 1993 पासून आहे, नंबर तपासायला पैसे पडत नाहीत. नंबर नसलेला शिक्का म्हणजे नुसतं चित्र. तिसरं, पाय मोडला तर सुटा मिळेल का? इथे बहुतेकांची बोलती बंद होते.

सागाचं म्हणाल तर साग वाकायला नाखूश, त्यामुळे ही खुर्ची सागात करण्यात अर्थ नाही. सागाची सरळ, कुसवाची (भोकात खुंटी बसवून जोडलेली) खुर्ची करून घ्या. बल्लारशाच्या डेपोतला लिलावाचा माल चांगला, पण वखारवाल्याकडे टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, मागायला लाजू नका. तो नसला की साग कुठून आला हे विचारायलाच नको. त्याहून स्वस्तातला आणि निर्धास्त मार्ग म्हणजे जुन्या वाड्याच्या पाडकामातला साग. खिळे काढताना सुतार शिव्या घालेल, घालू द्या.

प्रश्न : आमच्या जुन्या वाकीव खुर्चीखाली पिवळट भुसा पडतो आणि वेताची बैठक सैल झाली आहे. वर प्लायवूड ठोकावं का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्लायवूड ठोकू नका. खिळ्यांनी कडं चिरलं की खुर्ची संपली.

आधी भुशाचं बघू. झाडून घ्या, खाली काळा कागद टाका आणि आठ-दहा दिवस थांबा. पुन्हा ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. बीचला ती फार आवडते आणि तुमच्या दमट हवेत जास्तच. बोरॅक्स आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात सोडा, वाळलं की परत एकदा. भोकं मेणाने बुजवा, म्हणजे नवं भोक पडलं तर लगेच कळेल. हे काम मे महिन्यात करा, पावसाळ्यात लाकूड औषध पीत नाही.

वेत नुसता सैल असेल, तुटलेला नसेल, तर खुर्ची पालथी घालून जाळीला खालच्या बाजूने ओलं फडकं लावून ठेवा. वरची चकचकीत बाजू पाणी घेत नाही, खालची घेते. चांगला भिजला की सावलीत वाळू द्या. रात्रीत बराच ताठ होतो. तोवर कोणाला बसू देऊ नका, विशेषतः मुलांना. धागे तुटलेले असतील तर मात्र पूर्ण बैठक नव्याने विणून घ्यावी लागेल. विणणाऱ्याला आधीच सांगा की कड्याला भोकं आहेत तीच वापरायची, नवी पाडायची नाहीत.