रानटर्कीची शिकार: बंदूक कोणती, काडतूस कोणते?

वसंतातील टर्कीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतील आमच्या वाचकांची याच विषयावरची पत्रे वाढतात. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : राज्याचे शिकारी-सुरक्षा प्रशिक्षण नुकतेच पूर्ण केले असून ही माझी पहिलीच बंदूक असेल. दुकानदार साडेतीन इंची काडतुसे चालणारी १२ बोअरची शॉटगन घ्यावी असा आग्रह धरतो. माझी शरीरयष्टी मात्र किरकोळ आहे. २० बोअर पुरेल का? (पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : पुरेल, आणि आपल्या बाबतीत तीच अधिक योग्य ठरेल. (बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद, म्हणजे २० बोअर ही १२ बोअरहून लहान.) पूर्ण वाढलेला नर साधारण १६ ते २४ पौंडांचा असतो. त्याच्या छातीचे स्नायू जाड, पंखांची हाडे दणकट आणि त्यांवर पिसांचा दाट थर असल्यामुळे अंगावर झाडलेला बार बहुधा पक्ष्याला जखमी करतो, पण जागेवर पाडत नाही, आणि असा पक्षी झाडीत निसटून पुढे मरतो. म्हणून टर्कीवर नेम धरायचा तो डोके आणि मान यांवरच. मेंदू आणि मानेचा मणका मिळून हे लक्ष्य इतके अरुंद आहे की बंदुकीची निवड दोनच प्रश्नांवर येऊन ठेपते: त्या जागेत किती छर्रे पोहोचतात, आणि पोहोचलेल्या प्रत्येक छर्ऱ्यात हाड भेदण्याइतका जोर उरतो का.

बोअर मोठी असली म्हणजे छर्रा अधिक वेगाने जातो असे नव्हे. एका काडतुसात अधिक छर्रे मावतात, एवढाच तिचा मुख्य फायदा. १९८८ मध्ये १२ बोअरसाठी साडेतीन इंची काडतूस बाजारात आले ते याच हेतूने. परंतु दोन औंस छर्रे फेकणाऱ्या त्या काडतुसाचा धक्का हरणांच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक रायफलींच्या धक्क्याहून जास्त असतो, आणि दोन-चार बारांनंतर नवशिक्याचे शरीर चाप दाबण्याआधीच आक्रसू लागते. नेम तिथेच हलतो. तीन इंची चेंबरची, म्हणजे काडतूस बसण्याची जागा तीन इंच असलेली २० बोअर, शक्य असल्यास वायूच्या दाबावर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक, हा धक्का बराच सौम्य करते. पंप-ॲक्शन, म्हणजे नळीखालची मूठ पुढे-मागे सरकवून पुढचे काडतूस भरायची बंदूक, स्वस्त आणि भरवशाची असते, मात्र अगदी हलक्या वजनाची निवडू नये, कारण बंदूक जितकी हलकी तितका खांद्याला बसणारा धक्का जास्त. दस्ता आपल्या खांद्याला आणि गालाला नीट बसतो की नाही हे जाड जाकीट घालून पाहावे. शिकार पहाटेच्या थंडीत होते आणि दुकानात सदरा घालून योग्य वाटलेला दस्ता तेव्हा लांब वाटतो. नळी २१ ते २४ इंचांची असली तरी पुरते, कारण नळीच्या लांबीने छर्ऱ्यांच्या फैलावात फारसा फरक पडत नाही, आणि झाडाला टेकून बसलेल्या माणसाला आखूड नळी वळवायला सोपी जाते.

प्रश्न : टंगस्टनचे एक काडतूस दहा डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही महाग पडते. शिशाच्या तुलनेत हा खर्च सार्थ आहे, की केवळ जाहिरातीचा परिणाम? (मिझुरी)

उत्तर : जाहिरात आहेच, पण तिच्या मागे खरे भौतिकशास्त्रही आहे. शिशाची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे ११ ग्रॅम, पोलादाची ७.८ आणि ‘टंगस्टन सुपर शॉट’ म्हणजे टीएसएसची सुमारे १८ ग्रॅम. छर्ऱ्याचा क्रमांक वाढतो तसा त्याचा आकार लहान होतो, हे आपण जाणताच. शिशाचा ५ क्रमांकाचा छर्रा ०.१२ इंच व्यासाचा असतो आणि एका औंसात असे सुमारे १७० मावतात; टीएसएसचा ९ क्रमांकाचा छर्रा ०.०८ इंचांचा असून औंसात सुमारे ३६० बसतात. हा बारीक छर्रा वजनाने शिशाच्या छर्ऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो, पण त्याचे छेदक्षेत्रही त्याच प्रमाणात कमी असल्यामुळे दर चौरस मिलिमीटरमागे दोघांचे वजन जवळपास सारखेच येते, आणि म्हणून दोघे सारख्याच खोलीपर्यंत शिरतात.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. १२ बोअरच्या काडतुसात पावणेदोन औंस ५ क्रमांकाचे शिसे भरले तर छर्रे सुमारे ३०० होतात. इवल्याशा .४१०च्या, म्हणजे जेमतेम ०.४१० इंच व्यासाच्या नळीच्या बंदुकीच्या, तीन इंची काडतुसात १३/१६ औंस टीएसएस भरले तरी ९ क्रमांकाचे छर्रे जवळजवळ तेवढेच बसतात. एके काळी टर्कीसाठी पोरखेळ समजली जाणारी ही बंदूक आज अनुभवी शिकाऱ्यांच्या हाती दिसते ती यामुळेच. दीड औंस टीएसएसचे २० बोअरचे काडतूस तर ५४० छर्रे देते, म्हणजे छर्ऱ्यांच्या संख्येत ते शिशाच्या त्या १२ बोअरला सहज मागे टाकते.

तरीही ज्यांच्याकडे १२ बोअर आहे आणि जे ३५ यार्डांच्या आत पक्षी येईपर्यंत थांबू शकतात, त्यांनी टंगस्टनवर खर्च केलाच पाहिजे असे मला वाटत नाही. तांब्याचा मुलामा चढवलेले ५ किंवा ६ क्रमांकाचे शिसे हे काम अनेक दशके नीट करत आले आहे. ४ क्रमांकाचे छर्रे अधिक जड असले तरी संख्येने कमी असतात आणि मानेभोवती मोकळ्या जागा सोडतात. शिवाय आपल्या राज्यासह अनेक राज्यांत ४ क्रमांकाहून मोठे छर्रे टर्कीसाठी वापरण्यास मनाई आहे. २० बोअर किंवा .४१० वापरणाऱ्यांनी मात्र टंगस्टनच घ्यावे. कॅलिफोर्नियात तर हा प्रश्नच उरलेला नाही, कारण तेथे १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी आहे. पोलादाचे छर्रे स्वस्त पडतात, पण ते लवकर वेग गमावतात, म्हणून अंतर बरेच कमी ठेवावे लागते. आणि टर्कीचा अतिशय आवळलेला चोक (छर्ऱ्यांचा फैलाव कमी करणारा, नळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग) पोलादासाठी चालतो असे त्याच्या निर्मात्याने स्पष्ट लिहिले नसेल, तर त्यातून पोलाद झाडू नये.

प्रश्न : सर्वांत घट्ट चोक घेतला, महाग काडतुसे घेतली, तरीही ४० यार्डांवरून झाडलेला बार कागदावर विखुरलेला दिसतो. दोष बंदुकीचा की माझा? (टेनेसी)

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही, बंदूक, चोक आणि काडतूस यांची जोडी जमलेली नाही, एवढेच. १२ बोअरच्या नळीचा आतील व्यास नाममात्र ०.७२९ इंच धरला जातो. फुल चोक तो सुमारे ०.६९५ पर्यंत आणतो, तर टर्कीसाठीचे चोक ०.६५५ ते ०.६७० पर्यंत आवळलेले असतात. शिसे मऊ असल्यामुळे फार घट्ट चोकमधून जाताना काही छर्रे चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. काही आधुनिक काडतुसांतील वॅड, म्हणजे छर्रे धरून ठेवणारी प्लास्टिकची वाटी, नळीबाहेर पडल्यावर मागच्या बाजूने उघडून मंदावते आणि छर्ऱ्यांना एकत्रच पुढे सोडते. अशा वॅडला सौम्य चोक अधिक मानवतो, अतिघट्ट चोकमध्ये तिचे काम बिघडू शकते. त्यामुळे बंदूक, चोक आणि काडतूस हे तिन्ही मिळून एकच साधन समजावे, आणि त्यांतील एक बदलले की चाचणी पुन्हा करावी.

चाचणीची रीत सोपी आहे, पण कंटाळा न करता पाळावी. प्रथम हलक्या, स्वस्त काडतुसांनी २० यार्डांवर नेम तपासावा, कारण फैलाव कितीही उत्तम असला तरी तो सहा इंच डावीकडे पडत असेल तर व्यर्थ. त्यानंतर भक्कम टेकूवरून, जवळजवळ तीन फूट रुंदीच्या कागदावर, प्रत्येक बाराला नवा कागद लावून, शिकारीत वापरायचे तेच काडतूस ४० यार्डांवर झाडावे. छर्रे सर्वांत दाट पडले असतील तेथे १० इंच व्यासाचे वर्तुळ काढून छिद्रे मोजावीत. १०० किंवा अधिक भरली तर जोडी चांगली, असा शिकाऱ्यांचा प्रचलित निकष आहे. मात्र मी आकड्यापेक्षा वर्तुळातील रिकाम्या जागांकडे अधिक लक्ष देईन: १२० छर्रे एका कडेला गोळा होऊन उरलेले वर्तुळ ओसाड असेल, तर सारखे पसरलेले ९० परवडले. एका बारावरून निर्णय घेऊ नये. तीन कागद सारखेच सांगू लागले की मग विश्वास ठेवावा.

निकष ४० ऐवजी ३० यार्डांवर पूर्ण होत असेल, तर आपली मर्यादा ३० यार्ड. ती स्वीकारणे नवा चोक विकत घेण्यापेक्षा स्वस्त आहे. टंगस्टनमुळे ६० यार्डांच्या गप्पा ऐकू येतात, परंतु त्या अंतरावर पक्ष्याने एक पाऊल टाकले किंवा आपला अंदाज दहा यार्डांनी चुकला, तरी सगळा हिशेब कोसळतो; जंगलातील अंतर डोळ्यांनी अचूक ओळखणारे फार थोडे असतात. लेझर रेंजफाइंडरने बसल्या जागेवरून दोन-तीन झाडांची अंतरे आधीच मोजून ठेवावीत.

प्रश्न : सासऱ्यांची जुनी दुनळी १२ बोअर मिळाली आहे. तिच्यातून टर्कीची आजची काडतुसे झाडता येतील का? (ओहायो)

उत्तर : अनुभवी गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, दाखवल्याशिवाय मुळीच नाही. अनेक जुन्या बंदुकांचे चेंबर पावणेतीन इंचांचे किंवा त्याहूनही आखूड असते. त्यात तीन इंची काडतूस बसलेले दिसते, परंतु उडताना त्याचे मिटवलेले तोंड उघडायला जागा न मिळाल्याने दाब धोकादायकरीत्या वाढतो. नळीवर कोरलेले माप हीच मर्यादा मानावी. नळी डमास्कस पद्धतीची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली असेल, तर आजची टर्कीची जोरदार काडतुसे तिच्यात घालूच नयेत. घरात २० बोअरही असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी: तिचे काडतूस १२ बोअरच्या चेंबरमधून घसरून नळीत अडकते, आणि मागून १२चे भरून बार काढला तर नळी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची असतात ती याच कारणाने. दोन्ही एकाच खिशात कधीही ठेवू नयेत.

प्रश्न : बंदुकीवर रेड डॉट (नेमासाठी भिंगात लाल ठिपका दाखवणारे साधन) बसवावा का? वीस पावलांवरचा पक्षी नळीच्या टोकावरील साध्या मण्याने नेम धरून चुकल्याची उदाहरणे ऐकली आहेत. (टेक्सास)

उत्तर : तशी उदाहरणे पुष्कळ आहेत आणि त्यांचे कारण टर्कीचा घट्ट चोकच असतो. १५ यार्डांवर छर्ऱ्यांचा झुबका मुठीपेक्षा फार मोठा नसतो, त्यामुळे जवळचा पक्षी सोपा ही समजूत येथे लागू पडत नाही. त्यातच शिकारी उत्तेजित होऊन पक्षी पाहण्यासाठी दस्त्यावरून गाल उचलतो. मणी एकटाच दिसत असल्याने आपण उंच नेम धरला आहे हे त्याला उमगत नाही आणि बार डोक्यावरून जातो. रेड डॉटमध्ये गाल थोडा हलला तरी ठिपका जेथे दिसतो तेथेच बार जातो, आणि नेमाची चूक स्क्रू फिरवून सुधारता येते. त्यामुळे तो जरूर बसवावा. मात्र त्याचे स्क्रू धक्क्याने सैल होतात, म्हणून बसवल्यानंतर तीन-चार बार काढून ते पुन्हा आवळावेत, १५ आणि ४० अशा दोन्ही अंतरांवर कागद तपासावा, आणि हंगामाच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी घालावी.