सासूबाईंचा गवती चहा, गुळाचा काढा आणि ती तेलाची बाटली

ताई, तुमचा प्रश्न एका ओळीचा दिसला तरी त्यात चार प्रश्न आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सासूबाई 64 वर्षांच्या, रक्तदाब आणि मधुमेह दोन्हींच्या गोळ्या चालू. व्हॉट्सॲपवरचं वाचून महिनाभर दिवसातून चार वेळा गवती चहाचा काढा घेतायत, गूळ घालून. जावेला पाचवा महिना, तीही त्यांच्यासोबत घेते. आणि आता दिरांनी गवती चहाच्या तेलाची बाटली आणलीय, ‘दोन थेंब कोमट पाण्यात, रोज सकाळी’. हे सगळं चालेल का, असा प्रश्न.

तेल आजच बंद करा. बाकीचं सावकाश बोलू.

मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य गेलं, आणि परसात गवती चहाचा ठोंब कायम असतो. त्यामुळे या पातीवर माझा राग नाही, उलट आमच्या घरी तिच्याशिवाय पावसाळ्यातला चहा होत नाही. पण चहात घालायची पात आणि औषध म्हणून घ्यायचा अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरी एकीवरून दुसरीकडे जाणं चाललंय.

तेलाचा हिशोब बघा. ताज्या पातीत सुगंधी तेल असतं वजनाच्या साधारण 0.2 ते 0.5 टक्के. त्यातला मोठा भाग सिट्रालचा, लिंबासारखा वास येतो तो त्याचाच. कपाला 5 ग्रॅम पाती टाकली तर तिच्यात तेल असेल फार तर 20-25 मिलिग्रॅम. त्यातलंही सगळं कपात उतरत नाही. हे तेल पाण्यात विरघळत नाही आणि बरंचसं वाफेबरोबर निघून जातं. स्वयंपाकघर घमघमतं ते त्यामुळेच. उलट बाटलीतला एक थेंब 30-40 मिलिग्रॅमचा. म्हणजे दोन थेंबांत एका कपाच्या तिप्पट तरी तेल, आणि तेही पाण्यावर तरंगणारं, निव्वळ, थेट ओठांना, जिभेला, अन्ननलिकेला लागणारं. सिट्रालची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचं नाव छापावं लागतं. शिवाय सुगंधासाठी विकल्या जाणाऱ्या बाटल्या खाण्यासाठी तयार केलेल्या नसतात; कृत्रिम सिट्राल मिसळून वास वाढवलेलं तेलही बाजारात येतं. बाटलीवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं काहीतरी बारीक अक्षरांत असेल, चष्मा लावून वाचा. घरात लहान मूल असेल तर बाटली वरच्या फळीवर.

कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून हे तेल घेतात ना? तो प्रयोग अमेरिकेत झालेला आहे, 1989 साली प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या 22 जणांना रोज 140 मिलिग्रॅम तेल कॅप्सूलमधून दिलं. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर परिणाम नगण्य. काहींचं उतरलं, बाकीच्यांचं होतं तिथेच राहिलं. एवढ्यावर कोणी गोळी बंद करू नये.

आता सासूबाईंच्या काढ्याकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथे वाटते.

नायजेरियात 105 माणसांना 30 दिवस रोज गवती चहाच्या वाळलेल्या पातीचं पाणी दिलं, कोणाला 2 ग्रॅमचं, कोणाला 4, कोणाला 8. या लोकांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, रिपोर्टमध्ये जिला ‘ईजीएफआर’ म्हणतात, ती महिन्याभरात घटलेली दिसली. हा अभ्यास 2015 चा, लहान आणि एकटाच. त्यावरून गवती चहा मूत्रपिंड बिघडवतो असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत तिच्या मूत्रपिंडांवर आधीच भार असतो. पात वाळली की वजन साधारण पाव होतं, म्हणजे 8 ग्रॅम पूड ही जवळपास 30 ग्रॅम ताजी पात. दिवसाला चार काढे, प्रत्येकात मूठभर पात घालून, पाणी अर्धं होईपर्यंत आटवून, हे प्रमाण सहज गाठलं जातं.

तेव्हा शेवटचा रिपोर्ट काढा. क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघा. सहा महिन्यांत या तपासण्या झाल्या नसतील तर काढ्याचं निमित्त करून उरकून घ्या, नाहीतरी त्यांच्या आजारात त्या लागतातच. ईजीएफआर 60 च्या खाली असेल तर काढा पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना सांगा की महिनाभर हे चालू होतं. घरगुती काढ्याबद्दल पेशंट डॉक्टरांना सांगतच नाहीत. विचारलं तर ‘औषध वेगळं काही नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतंच.

काढ्यात आणखी काय काय पडतं तेही सांगा. तुम्ही फक्त गवती चहा आणि गूळ लिहिलंय, पण काढा म्हटलं की डब्यातलं सगळं बाहेर येतं. ज्येष्ठमध पडत असेल तर तो आधी काढून टाका. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात सोडियम-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबावर म्हणून घेतलेल्या काढ्यानेच रक्तदाब वाढायचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात. दालचिनी रोज भरपूर पडत असेल तर तीही आवरा. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुतेक कॅशियाची असते, तिच्यात कुमारिन असतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला मानवत नाही. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या क्वाथात, म्हणजे काढ्यात, तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरी 1 असं मोजून दिलेलं होतं. लोकांनी मोजणं सोडून दिलं आणि दुकानात ॲसिडिटीच्या गोळ्यांचा खप वाढला. आणि गूळ! मधुमेहाच्या माणसाने साखर सोडून गूळ धरला म्हणजे काही वाचलं असं होत नाही. साखर चढायची ती चढतेच.

मग फायदा काहीच नाही का? आहे. नुसत्या पाण्यात केलेल्या गवती चहात कॅफिन नसतं, साखर लागत नाही, कॅलरी जवळपास शून्य. सासूबाई पूर्वी दिवसाला दोन-दोन चमच्यांचे चार गोड चहा घेत असतील तर दिवसाला 40 ग्रॅम साखर पोटात जात होती, हा आकडा मधुमेहाच्या माणसाला फार मोठा आहे. त्यातले दोन चहा बदलून बिनसाखरेचा पातळ गवती चहा झाला तर मी म्हणेन, उत्तम. जेवणानंतर पोट जड वाटतं तेव्हा गरम घोट बरा वाटतो, सर्दीत वाफ नाकात जाते, ढेकर येतात. यातलं किती पातीचं आणि किती गरम पाण्याचं, याचा वाद मी घालत नाही. दुधाच्या चहात पात टाकली तर मात्र कॅफिन आणि साखर जिथल्या तिथे राहतात, वास तेवढा वाढतो. आपल्याकडे अनेक घरांत ‘आम्ही गवती चहाच पितो’ म्हणजे हेच असतं.

झोप चांगली लागते हेही ऐकायला मिळतं. ब्राझीलमध्ये हा घरोघरी झोपेसाठी आणि मन शांत होण्यासाठी घेतात, म्हणून तिथल्याच संशोधकांनी 1986 मध्ये माणसांवर तपासून पाहिलं. एकदाच घेऊन आणि दोन आठवडे रोज घेऊनही अपाय दिसला नाही, पण झोपेवर आणि चिंतेवर परिणामही दिसला नाही. संध्याकाळचा नेहमीचा चहा सोडून हा घेतल्यावर झोप लागत असेल तर ते कॅफिन गेल्याचं श्रेय.

आणि तुम्ही ज्या मेसेजचा उल्लेख केलात, ‘इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी कॅन्सरवर सिद्ध केलंय’, त्याचं मूळ खोटं नाही, म्हणूनच तो चिवट आहे. बेन गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की सिट्राल घातल्यावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही कर्करोगी पेशी मरतात, आणि त्यासाठी लागलेलं प्रमाण एक ग्रॅम पातीच्या चहाच्या कपातल्याइतकं होतं. बातमी पसरल्यावर तिथल्या एका शेतकऱ्याकडे ताज्या पातीसाठी रुग्णांची रीघ लागली. पण पेशी काचेच्या बशीत थेट सिट्रालमध्ये भिजलेल्या होत्या. प्यायलेला चहा जठर, आतडी, यकृत असा जातो आणि यकृत सिट्रालची झपाट्याने विल्हेवाट लावतं. गाठीपर्यंत काय पोचतं हा प्रश्न त्या प्रयोगाने सोडवलेला नाही. केमोथेरपी चालू असलेल्या कोणाला हा मेसेज पाठवला असेल तर सोबत ‘आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा’ एवढंही पाठवा.

जावेबद्दल स्पष्ट लिहितो: काढा नको. सिट्राल आणि मायर्सीन (पातीतलाच दुसरा सुगंधी घटक) यांच्या मोठ्या मात्रा गाभण उंदरांना दिल्यावर पिलांवर दुष्परिणाम दिसले आहेत, आणि गरोदर बायकांवर कोणी तपासून पाहिलेलं नाही. चवीपुरती एखादी पात चहात पडली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण रोजचा आटवलेला काढा तिने थांबवावा आणि पुढच्या तपासणीला विचारून घ्यावं. अंगावर पिणारं बाळ असलेल्यांनाही माझं हेच सांगणं.

तापातही याचाच भरवसा धरला जातो. घाम येतो, अंग हलकं वाटतं, त्यामुळे ‘उतरला’ असं वाटतं. पावसाळ्यात आपल्याकडे डेंगी, मलेरिया, कोकण-मुंबई पट्ट्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). दोन दिवसांत ताप गेला नाही तर रक्त तपासा, काढ्याची पातेली बाजूला ठेवून.

करायचा कसा ते सांगतो, कारण निम्मे लोक चुकीचा करतात. कपाला लांब दोन पाती पुरेत. धुऊन, दुमडून सैल गाठ मारायची. बारीक कापू नका. पातीच्या कडेला बारीक कूस असते, बोटाला चरा पडतो तो तिचाच, आणि तुकडे गाळणीतून सुटले तर घशाला टोचतात. पाणी उकळलं की गॅस बंद करून गाठ टाका, झाकण ठेवा, पाच-सात मिनिटं. झाकण महत्त्वाचं, नाहीतर वास छताला आणि गवताचं पाणी कपाला. वाळलेली पात असेल तर चमचाभर. सावलीत वाळवलेली आणि खुळखुळीत असावी. दमट, काळपट ठिपके आलेली टाकून द्या, ती बुरशी असते. सासूबाईंना असे दिवसाला दोन कप, बिनगुळाचे, रिपोर्ट ठीक आला तर. आणि घरी साखर आणि रक्तदाब तपासत असाल तर पहिले पंधरा दिवस लिहून ठेवा, गोळ्या आहेत तशाच चालू.

एक शेवटचं. दिरांनी नर्सरीतून रोपही आणलंय म्हणालात. बुंधा लालसर-जांभळा असेल आणि पात चोळल्यावर लिंबापेक्षा डासांच्या मलमाचा वास आला तर ते बहुधा सिट्रोनेला, ते चहात घालायचं नाही. गवती चहाचा बुंधा फिकट हिरवा-पांढरा असतो. (रोशा गवत हे तिसरं भावंड, त्याला गुलाबासारखा वास येतो.) आणि कुंडीत लावल्याने डास जात नाहीत, पाती चुरडल्याशिवाय किंवा तेल काढल्याशिवाय वास सुटत नाही. बुंध्याचा फोटो टाका, बघून सांगतो.