चाळिशीनंतर मन सारखे का बदलते?
वयाच्या ४५व्या वर्षी पाळी अनियमित झाली असून क्षणात चिडचिड होते आणि क्षणात रडू येते, याचे कारण आपण विचारले आहे. रजोनिवृत्तीच्या, म्हणजे पाळी कायमची थांबण्याच्या, आधीच्या काळात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे (हार्मोनचे) प्रमाण सरळ घटत जात नाही, तर वरखाली होत राहते आणि त्याचा परिणाम मेंदूतील सेरोटोनिन या मनःस्थिती सांभाळणाऱ्या रसायनावरही होतो. शिवाय रात्री अंगातून गरम वाफा निघून घाम फुटल्याने झोप मोडते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त त्रास या अपुऱ्या झोपेचाच असतो. म्हणून दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, रोज अर्धा तास चालावे. थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी मात्र अवश्य करून घ्यावी, कारण त्या विकाराची लक्षणेही पुष्कळदा अशीच दिसतात. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर कृपया एकटीने सोसत न राहता डॉक्टरांना भेटावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.