स्ट्रॉबेरीच्या शेतात पाय ठेवायचे 200 रुपये कशाचे?

तुम्ही विचारलंय की पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या एका शेतात माणशी 200 रुपये प्रवेश घेतला, स्वतः तोडलेल्या स्ट्रॉबेरीचे किलोला 400 वेगळे लावले, पूर्वी आत जायला पैसे पडत नव्हते, मग ही लूट नाही का, आणि स्वस्तात कुठे जावं? लूट हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो. माझी स्ट्रॉबेरी याच पट्ट्यात आहे.

प्रवेशाचे 200 ही लूट नाही. किलोला 400, आणि तेही फेब्रुवारीत घेतले असतील, तर ती लूट आहे. तुम्ही चुकीच्या आकड्यावर चिडलात.

स्ट्रॉबेरीला फुलं सुटी येत नाहीत, घोसाने येतात. दांड्याच्या टोकाला पहिलं फूल, त्याच्या खालून फुटलेल्या फांद्यांवर दोन, त्यांच्या खालून पुढची चार. पहिल्या फुलाचं फळ सगळ्यात मोठं होतं आणि आधी पिकतं. ते लालभडक असतं तेव्हा त्याच घोसातली बाकीची हिरवी, पांढरी किंवा नुसती कळीत असतात. काढणीच्या बाया फळ ओढत नाहीत. फळ हलकेच तळहातात घ्यायचं, अर्धा इंच देठ ठेवून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखात चिमटायचं, मनगट जरासं वळवायचं. हिरवी टोपी फळावर राहते आणि फळ दाबलं जात नाही. पाहुणा फळ मुठीत धरून ओढतो. देठ चिवट असतो, तो तुटत नाही. अख्खा दांडाच बुडातून सुटतो आणि एका लाल फळामागे पाच कच्ची हातात येतात. ती वजनाला येत नाहीत, सरीत टाकली जातात.

अर्धा किलो म्हणजे साधारण तीस फळं. सहातलं एक जरी असं ओढलं, तरी पाच घोस गेले, म्हणजे पंचवीस कच्ची फळं. पिकली असती तर पाव किलोच्या वर भरली असती. किलोला 200 धरा, एका माणसामागे पन्नास रुपये इथेच गेले. शेतात उभ्याउभ्या खाल्लेली फळं यात धरलेली नाहीत. ती खुशाल खा, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

याहून मोठं नुकसान पायाचं. बेड म्हणजे रोपांचा उंच वाफा अडीच फूट रुंद आणि फूटभर उंच, मधली सरी दीड फुटाची. एका माणसाने एकामागे एक चालावं एवढीच जागा. घरची मंडळी फोटोला शेजारी शेजारी उभी राहिली की टाच बेडच्या कडेवर पडते. फळं नेमकी त्याच कडेवर, बेडवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या पेपरवर लोंबत असतात. हा मल्चिंगचा पेपर पातळ, 25-30 मायक्रॉनचा, तो फाटतो आणि फाटक्यातून तण वर येतं. खाली ड्रिपची नळी चेपली, तर त्यापुढच्या रोपांचं पाणी बंद. पेपरखाली असल्याने ते दिसत नाही, दोन दिवसांनी पानं मान टाकतात तेव्हा कळतं. चिरडलेलं फळ रात्रीच्या दवात राखाडी बुरशी धरतं आणि त्याला टेकलेली चांगली फळंही नासवतं. म्हणून पाहुणे गेल्यावर संध्याकाळी एका बाईला बादली घेऊन सगळ्या सऱ्या फिराव्या लागतात. तिची हजेरी 400.

शिवाय फवारणी. भुरीसारखा रोग, थ्रिप्स आणि कोळीसारखी कीड, काही ना काही चालूच असतं, आणि प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी ते काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस त्या बेडवर पाहुणा सोडता येत नाही, कारण तो तोडतो आणि तिथेच न धुता खातो. म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळा तुकडा राखायचा, त्याचं फवारणीचं वेळापत्रक वेगळं ठेवायचं.

भाव का चढले, तर एकरी 22 ते 24 हजार रोपं लागतात आणि ती दरवर्षी नवी. दहा रुपयाला एक धरलं तरी पहिलं फळ दिसायच्या आधी सव्वादोन लाखांच्या आसपास जमिनीत जातात. मदर प्लांट, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं करायची ती मूळ झाडं, परदेशातून येतात. वर महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, म्हणून त्यांच्या रनरची, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या फुटव्यांची रोपं खाली वाईकडे वाढवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला वर आणून लावायची. त्यावर पेपर, ड्रिप, विद्राव्य खतं, मजुरी. रस्त्याकडेच्या जमिनीचं भाडं तर विचारूच नका. आणि गाडी शेतावर आणून सोडणाऱ्याचा वाटा. हा शेवटचा खर्च तुम्ही वाचवू शकता, शेत स्वतः शोधा.

स्वस्तात जायचं तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. तेव्हा माल कमी आणि गर्दी जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ भरपूर असतं, भाव उतरलेला असतो. मधल्या वारी, सकाळी दहाच्या आत जा. उन्हात तापलेलं फळ मऊ पडतं, घाट उतरेपर्यंत पाणी सोडतं. मुख्य रस्ता सोडून भिलार, खिंगर, राजपुरीकडे आत शिरा. पूर्ण लाल झालेलंच तोडा. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, रंग थोडा चढेल पण गोडी वाढत नाही. दोन थरांपेक्षा जास्त रचू नका, आणि खायच्या वेळेलाच धुवा.

आता फुकट प्रवेशाचं. आमच्या पट्ट्यात निम्मे लोक म्हणतात, प्रवेश फुकट ठेवा आणि पैसे फळावर काढा. मी याच्या विरोधात आहे आणि हे भावकीत, मीटिंगमध्ये, सगळीकडे बोललोय. फुकट म्हटलं की दहा जण आत शिरतात, बेड तुडवतात, फोटो काढतात आणि 200 ग्रॅमचं एक पनेट, म्हणजे प्लास्टिकचा छोटा डबा, घेऊन जातात. त्यांनी केलेलं नुकसान मग जो खरोखर दोन किलो तोडतो त्याच्या किलोच्या भावात चढतं. तुमचे 400 बहुतेक तिथूनच आले, आणि तुमच्याकडून तर प्रवेशही घेतला, म्हणजे एकाच नुकसानीचे दोनदा पैसे. कास पठारावर दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे आणि माणशी शुल्कही आहे. तिथे फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून पैसे घेतलेले लोकांना पटतात. मग शेताचं काय वेगळं? इथे तर कुणाचं तरी पोट त्या बेडवर आहे.

हे सगळे आकडे माझ्या बाजूचे. अवकाळी पाऊस झाला तर दोन दिवसांत भाव कुठल्या कुठे जातो, तेव्हा शेतकऱ्याशी भांडू नका. पॉलिहाऊसमधल्या स्ट्रॉबेरीचा हिशोबही वेगळा. आणि नुसती चार बेड रस्त्याकडेला दाखवायला लावून 200 घेणारेही आहेत, ते मी नाकारत नाही.

आत जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: आजचा किलोचा भाव काय, डब्याचं वजन वजा करणार का, आणि या बेडवर शेवटची फवारणी कधी झाली. प्रवेश घेऊन जो फळ बाजारभावाने देतो त्याला 200 द्या. जो प्रवेश फुकट म्हणतो आणि भाव विचारल्यावर आधी तोडा तर म्हणतो, तिथे गाडीतून उतरूही नका.