मामांची नाणी घ्यायची आहेत, भाव कोणी ठरवायचा?

प्रश्न : गेल्या वर्षी मामा वारले. मृत्युपत्र नाही. मागे मामी आणि दोन मुली, धाकटी अमेरिकेत. मामांच्या पेटीत राणीछाप, राजाछाप रुपये बरेच आहेत. त्यांत 1911 चा एक आणि 1939 चा एक. मी स्वतः नाणी जमवतो. मामी म्हणतात, ‘तुला त्यातलं कळतं, काय द्यायचं ते दे आणि घेऊन जा.’ चांदीच्या वजनाने पैसे दिले तर पुढे अडचण येईल का?

उत्तर : येऊ शकते, आणि ती रास्तच असेल. त्या दोन रुपयांची किंमत मामींना ठाऊक नाही, तुम्हाला आहे. किंमत कमी ठरली एवढ्यावरून भारतीय करार कायदा, 1872 व्यवहार रद्द करत नाही. पण समोरचा माणूस तुमच्यावर विसंबून असेल, तर गप्प बसणं हीच फसवणूक ठरू शकते. कलम 17 खाली कायद्यानेच उदाहरण दिलं आहे. लिलावात घोडा विकताना त्याचा दोष सांगितला नाही तर फसवणूक नाही. पण घेणारी आपलीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं बापाचं कर्तव्य. तुम्ही इथे घेणारे आहात, तरी ‘तुला कळतं’ म्हणून मामींनी भाव तुमच्यावर सोडला, तेव्हा तशीच जबाबदारी तुमच्यावर आली. उद्या दावा झाला तर व्यवहार सचोटीचा होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागू शकतं.

शिवाय मालक एकट्या मामी नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मामी आणि दोन्ही मुलींचा सारखा वाटा. मामांच्या मागे तुमची आजी हयात असेल तर तिचाही. सगळ्यांची सहीनिशी संमती घ्या.

आता भाव. 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम, 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. झिजलेल्या, नेहमीच्या रुपयांना चांदीचा भाव आणि वर थोडं, इतकं ठीक. 1911 च्या रुपयाचं तसं नाही. त्यावरच्या पंचम जॉर्ज राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि नक्षी बदलावी लागली, म्हणून जुन्या नक्षीच्या या रुपयाला जमवणारे जास्त मोजतात. 1939 चा तर फार दुर्मिळ, म्हणूनच बनावटही भरपूर. हे दोन्ही तिऱ्हाईत जाणकाराकडून तपासून घ्या. तोवर घासूनपुसून चकचकीत करू नका, किंमत उतरते. खरे निघाले तर तशाच स्थितीची नाणी अलीकडच्या लिलावांत कितीला गेली ते पाहा आणि लिलाववाले विकणाऱ्याकडून घेतात ते कमिशन वजा करा. लिलावात दिली असती तर मामींच्या हाती जे पडलं असतं, ती माझ्या मते न्याय्य रक्कम. व्यापाऱ्याचा खरेदीभाव पुढे करू नका. त्यात त्याचा नफा धरलेला असतो.

यादी, फोटो, वजनं आणि जाणकाराचं लेखी मत तिघींना (आजी असेल तर तिलाही) द्या, विचाराला वेळ द्या, पैसे प्रत्येकीच्या खात्यात भरा. करारात असंही लिहा, की 3 वर्षांत 1939 चा रुपया जास्त किमतीला विकलात तर वरच्या पैशांत त्यांचाही वाटा. कायद्याची ही सक्ती नाही, पण तुमच्या जागी असतो तर मी हे लिहिलंच असतं.

धाकटीला पैशांऐवजी आठवण म्हणून नाणी हवी असतील, तर 100 वर्षांहून जुनी देऊ नका. पुरातन वस्तूंच्या 1972 च्या कायद्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तिच्यासाठी नंतरची निवडा.