डिजिटल स्कॅन करून बनवलेली दाताची कॅप खरंच जास्त चांगली बसते का?

रूट कॅनाल झालेल्या दाढेवर कॅप बसवायची आहे, डॉक्टर स्कॅनरने माप घेऊन झिरकोनियाची (म्हणजे एका पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची) कॅप करू म्हणताहेत आणि त्याचे पैसे जास्त आहेत, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सुरुवातीची बरीच वर्षं हाताने मेणाच्या कॅप्स घडवल्या, आता दिवसभर स्क्रीनवर डिझाइन करते. एकाच दाताची कॅप असेल तर हो, ती छान बसते. फक्त घासलेल्या दाताची कड, म्हणजे कॅप जिथे संपते ती रेघ, स्कॅनमध्ये चारही बाजूंनी स्वच्छ दिसली पाहिजे. सगळं या कडेवर अवलंबून आहे.

जुन्या पद्धतीत सिलिकॉनचं माप, त्यात प्लास्टर ओतून केलेला दात, त्यावर मेण, मग धातूचं कास्टिंग आणि वर सिरॅमिक असा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी किंचित आकसतं किंवा फुगतं, आणि एकाची चूक दुसऱ्याने भरून काढणं हेच कारागिराचं कसब. डिजिटलमध्ये यातले बरेच टप्पे गळतात. पण झिरकोनियासुद्धा आकसतोच. त्याची चकती कच्ची असताना खडूसारखी मऊ असते. कॅप साधारण 20 ते 25 टक्के मोठी कोरायची, मग 1500 अंशांच्या आसपास भट्टीत ठेवायची, की ती आकसून मापात येते. किती आकसणार तो आकडा चकतीवर छापलेला असतो. तो भरताना चुकला, तर कितीही महागडं मशीन असो, कॅप सैल तरी होते नाहीतर घट्ट तरी.

कॅपची कड आणि दात यांच्यात थोडी फट राहतेच. 1971 मध्ये मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी हजाराहून जास्त कॅप्स-फिलिंग्ज पाच वर्षं तपासून 120 मायक्रॉनपर्यंतची फट चालेल असं मांडलं. अजूनही बहुतेक जण हाच आकडा धरतात. डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे दोन केसही मावणार नाहीत इतकी ही जागा. मोठ्या फटीतलं सिमेंट लाळेने हळूहळू झिजतं, तिथे अन्न अडकतं आणि आतून कीड लागते. तुमच्या दाढेची नस काढलेली आहे, त्यामुळे ती कीड दुखून सांगणारही नाही. म्हणून तुमच्यासारख्यांच्या कॅपची कड मला जास्त काळजीची वाटते.

स्कॅनर हा शेवटी कॅमेरा आहे. रक्त, लाळ किंवा हिरडीखाली लपलेली कड त्याला दिसत नाही. सिलिकॉन निदान थोडं हिरडीखाली शिरतं. म्हणून स्कॅनच्या आधी हिरडीत दोरा भरून ती बाजूला सारणं आणि दात कोरडा करणं फार गरजेचं. एकदा माझ्याकडे एका दाढेची फाइल आली, जिभेच्या बाजूची कड धूसर होती. सॉफ्टवेअर तिथे वेडीवाकडी रेघ काढत होतं, मी अंदाजाने सरळ केली. कॅप परत आली, त्याच जागी कड तोकडी पडली होती. त्या पेशंटला पुन्हा सगळं सोसावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं. आता धूसर फाइल दिसली की मी पेशंट खुर्चीत असतानाच क्लिनिकला फोन करते आणि तेवढा भाग पुन्हा स्कॅन करायला सांगते.

दात कसा घासलाय हेही पाहावं लागतं. कॅप कोरणाऱ्या मशीनच्या सुईला जाडी असते, ती टोकदार कोपऱ्यात शिरत नाही. कोपरे गोलसर केले नसतील तर कॅप आतून जास्त कोरावी लागते आणि ती पोकळी सिमेंटने भरावी लागते.

म्हणून स्कॅन झाल्यावर डॉक्टरांना स्क्रीनवर कड दाखवायला सांगा. यात संकोच कसला, दात तुमचा आहे. तुमचे डॉक्टर वर्षानुवर्षं सिलिकॉनने उत्तम मापं देत असतील, तर केवळ स्कॅनरसाठी जास्त पैसे देऊ नका असंच मी सांगेन. कॅप पक्की करण्याआधी ट्रायल हवीच. शेजारच्या दातांमधून फ्लॉस थोडा अडकून जायला हवा, आणि कडेची शंका वाटली तर एक्स-रे काढून घ्या. चावताना कॅप उंच लागत असेल तर लगेच सांगा. नस काढलेल्या दातालाही उंची कळते, कारण ती जाणीव मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये असते. ‘होईल सवय’ म्हणून गप्प बसू नका.

आणि कड उघडी निघाली व कॅप नव्याने करायचं ठरलं, तर स्कॅनही नव्याने घ्यायला सांगा. जुन्याच फाइलवरून केलेल्या कॅपमध्ये तीच चूक त्याच जागी उतरते.